विजयवर्षाचें द्राक्षमद्य

इ. स. १९४५ च्या मे महिन्याच्या पहिल्या रात्रीं फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो प्रांतावर अवेळीं हिंव पडलें. द्राक्षवेलींना कोंवळी पालवी फुटलेली होती. सकाळीं उजाडून पाहतात तों ती काळवंडून लोंबत होती. नाशिककडील बागाइतदारांस थंडीचें भय पौषमाघांत वाटतें. बोर्दोच्या शेतकऱ्यास तें वसंतांत वाटतें, कारण येणाऱ्या सुगीची सारी आशा त्या वेळीं कोंभाच्या टोंकाशीं आलेली असते. युरोपांतील महायुद्ध संपावयास त्या रात्रीं एकच आठवडा उरला होता.

बोर्दो शहर आदल्या ऑगस्टच्या अखेरीस मुक्त झालें होतें. परंतु ज्या मेदोक द्वीपकल्पांत तेथील उत्तमोत्तम तांबडीं मद्यें निपजतात, त्याच्या उत्तर टोंकास प्वँत द ग्राव्ह येथें जर्मन शिबंदी १९४५ च्या २० एप्रिलपर्यंत तग धरून होती. चार वर्षांच्या परकी अंमलानें द्राक्षमळ्यांची रया गेली होती. घोडे लष्करानें नेले होते, कामाचे गडी बंदिवासांत किंवा जर्मनीच्या कारखान्यांत अडकले होते, बाटल्यांना कांच नव्हती, आणि वेलीवरील बुरशीस आवर घालणारें मोरचूद मिळेनासें झालें होतें. मोरचूद व चुना यांचें जें ‘बोर्डो मिश्रण’ महाराष्ट्रांतील बागांवर आजहि फवारलें जातें, तें याच प्रांतांत गेल्या शतकाच्या मागील शतकांत, १८८० नंतरच्या दशकांत सिद्ध झालें. आणि त्याच्याच जन्मभूमीस तें दुर्मिळ व्हावें, हा युद्धाचा एक विलक्षण खेळ म्हणावयाचा.

हिंवानें पीक घटलें, तें मग वाढलें नाहीं. पुढें उन्हाळा कडक तापला व पाऊस फारच थोडा झाला. उरलेल्या घडांतील मणी लहान राहिले आणि त्यांची साल जाड झाली. तांबड्या मद्याचा रंग, गंध आणि तुरटपणा हीं मुख्यत्वें सालींतून येतात. रस थोडा व साल फार, असें प्रमाण पडल्यामुळें त्या वर्षींचें मद्य कमालीचें घट्ट, गडद व कषाय उतरलें. सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास तोडणी सुरू झाली, तेव्हां एवढ्या थोडक्या पिकांतून शतकांतील एक थोर मद्य निघणार आहे, असें भाकीत करणें धाडसाचेंच ठरलें असतें.

या वर्षाशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें, तो मळा म्हणजे पोयाक गांवचा शातो मूटाँ-रॉथ्सचाइल्ड. त्याचे मालक बॅरन फिलिप हे ज्यू. व्हिशी सरकारनें त्यांचें नागरिकत्व काढून घेतलें व मळा जप्त केला. ते निसटून इंग्लंडांत गेले आणि द गॉल यांच्या सैन्यांत दाखल झाले. त्यांची पत्नी एलिझाबेथ ही जन्मानें कॅथॉलिक. तरी गेस्टापोनें तिला पकडलें, आणि १९४५ मध्यें राव्हेन्सब्रुकच्या छळछावणींत तिचा अंत झाला. बॅरन परतले ते अशा घरीं. त्या वर्षाच्या बाटलीवरील चिठ्ठीसाठीं त्यांनीं फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराकडून विजयाचें ‘व्ही’ हें अक्षर द्राक्षवेलींसह काढून घेतलें आणि खालीं ‘विजयाचें वर्ष’ असे शब्द छापविले. दरसाल नव्या कलावंताकडून चिठ्ठी सजविण्याची तेथील रीत त्या चित्रापासून पडली. चिठ्ठीवर उत्पन्नाचा हिशेबहि छापला आहे: बाटल्या व अर्ध्या बाटल्या मिळून ७४,४२२, दुप्पट मापाच्या १,४७५, आणि त्याहून मोठ्या अवघ्या २४.

आतां मद्याविषयीं. १९४५ चीं बोर्दो मद्यें तरुणपणीं फार कठोर होतीं. हिरडा चघळल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी त्यांची गत. हा कषायपणा बाटलींत वर्षानुवर्षें हळूहळू निवळतो, त्याचे कण एकमेकांस चिकटून गाळ होऊन तळाशीं बसतात, आणि मग आंतील फळाचा स्वाद उमलतो. परंतु येथें एक शर्यत असते. तुरटपणा आधीं निवळला तर मद्य तरलें. फळ आधीं सुकलें, तर हातीं केवळ काढाच राहतो. त्या वर्षींच्या कित्येक मळ्यांचीं मद्यें ही शर्यत हरलीं. वर्ष थोर म्हणून त्यांतील प्रत्येक बाटली थोर, असें समजणारे येथेंच फसतात.

मूटाँ मात्र तरलें, आणि तेंहि अशा थाटांत कीं चाखणाऱ्यांची भाषा अपुरी पडावी. लंडनच्या ख्रिस्टीज पेढीचा मद्यविभाग १९६६ पासून सांभाळणारे मायकेल ब्रॉडबेंट यांनीं आयुष्यभर प्रत्येक प्याल्याची टिपणें ठेविलीं. त्यांनीं या मद्याला चर्चिलची उपमा दिली. त्यांच्या मतें त्याचा गंध दुसऱ्या कशाशींहि घोटाळण्यासारखा नाहीं: सुंठ, दालचिनी व निलगिरी यांची आठवण देणारा मसालेदार दरवळ, आणि तो प्याला रिता झाल्यावरहि राहणारा. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर हे मोजमापाचे भोक्ते. त्यांनीं शंभरांपैकीं शंभर गुण दिले. दोन मतांत ब्रॉडबेंटांचेंच अधिक उपयोगी वाटतें. गुणांनीं किंमत कळते; सुंठ-दालचिनीनें वस्तु ओळखतां येते.

किंमतीनें तर कळसच गांठला. २००६ मध्यें ख्रिस्टीजच्या लॉस एंजेलिस येथील लिलांवांत बारा बाटल्यांची एक पेटी २ लक्ष ९० हजार डॉलरांस गेली. परंतु एवढा पैसा जेथें जमतो, तेथें लबाडहि जमतात. जुनीं फ्रेंच मद्यें घरांत मिश्रण करून, जुन्या बाटल्यांत भरून व बनावट चिठ्ठ्या चिकटवून विकणाऱ्या रूडी कुर्नियावान यास २०१३ मध्यें न्यूयॉर्कच्या न्यायालयानें दोषी ठरविलें आणि पुढील वर्षीं दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याचें मद्य पिऊन अनेक जाणत्यांनीं माना डोलाविल्या होत्या. या प्रकरणानें धनिकांची झाली त्याहून मोठी हानि रसज्ञांची झाली. ज्या टिपणांच्या आधारें एखाद्या वर्षाची कीर्ति उभी राहते, त्यांतील किती टिपणें खऱ्या मद्याचीं आणि किती नकलेचीं, हा प्रश्न जुन्या वह्यांच्या पानापानावर उभा राहिला.

म्हणून अशी बाटली समोर आली, तर सावध रसज्ञ आधीं प्याल्याकडे वळत नाहीं. ती कोणाच्या तळघरांतून, कोणकोणत्या हातांतून आली, याची तो चौकशी करतो. मद्य हलक्या हातानें दुसऱ्या पात्रांत ओतलें जातें, गाळ तळाशीं राहूं दिला जातो. आणि तेवढ्यांत तो बूच मागवून घेतो, दिव्यापाशीं धरून त्याच्या कडेवर डागलेलें मळ्याचें नांव व वर्ष वाचतो. मगच तो प्याला नाकाशीं नेतो, आणि सुंठीचा वास येतो कीं नाहीं तें पाहतो.