अनुस्पंदन, रासायनिक
काही रेणूंची संरचना संयुजाबंधांच्या कोणत्याही एका सूत्राने पुरेशी व्यक्त होत नाही. अशा वेळी अणूंची स्थाने तीच ठेवून फक्त इलेक्ट्रॉनांची मांडणी निराळी असलेली दोन वा अधिक सूत्रे लिहितात व रेणूची खरी संरचना त्या सर्वांच्या दरम्यानची मानतात. या संकल्पनेस अनुस्पंदन म्हणतात. सूत्रे अनेक असली, तरी रेणू एकच असतो. हा भेद नीट न उमगल्याने या संकल्पनेच्या इतिहासात मोठे वाद झाले.

मायकेल फॅराडे यांनी १८२५ मध्ये शोधलेल्या बेंझिनापासून या प्रश्नास आरंभ झाला. आउगुस्ट केकूले यांनी १८६५ मध्ये त्याच्या सहा कार्बन अणूंचे वलय कल्पिले; त्यात एकबंध व द्विबंध एकाआड एक येतात. तसे असल्यास लगतच्या दोन कार्बनांवर प्रतिष्ठापन झालेल्या संयुगाचे दोन समघटक मिळावयास हवेत, असा आक्षेप लाडेनबुर्क यांनी १८६९ मध्ये घेतला. प्रत्यक्षात एकच मिळतो. यावर बंध सतत आपली जागा बदलतात, असे उत्तर केकूले यांनी १८७२ मध्ये दिले.

पुंजयामिकीच्या उदयानंतर हे चित्र पालटले. लायनस पॉलिंग व जॉर्ज व्हेलँड यांनी १९३३ मध्ये बेंझिनाचे गणित मांडले. त्यानुसार रेणू दोन रूपांमध्ये हेलकावे घेत नाही; इलेक्ट्रॉन एका बंधात बद्ध न राहता सर्व वलयावर पसरतात. खेचर हे घोडी व गाढव यांच्या संकरातून जन्मते, पण ते काही काळ घोडा व काही काळ गाढव नसते. तसेच हे होय. प्रयोगांनीही यास पुष्टी मिळाली. कार्बन-कार्बन एकबंधाची लांबी सु. १·५४ व द्विबंधाची सु. १·३४ अँगस्ट्रॉम असते. बेंझिनातील सहाही बंध मात्र सु. १·३९ अँगस्ट्रॉम लांबीचे आहेत. हायड्रोजनीकरणाच्या उष्णतेवरून बेंझीन हे तीन सुट्या द्विबंधांच्या अपेक्षेपेक्षा दर ग्रॅम-रेणूस सु. ३६ किलोकॅलरींनी अधिक स्थिर ठरते.

जून १९५१ मध्ये मॉस्को येथील परिषदेत या उपपत्तीवर चिद्वादी म्हणून टीका झाली. अस्तित्वात नसलेल्या संरचनांनी खऱ्या रेणूचे वर्णन करणे भौतिकवादाशी विसंगत आहे, असा आक्षेप होता. अलेक्सांद्र बुटलेरॉव्ह यांच्या १८६१ मधील संरचना-सिद्धांताचा दाखला त्यासाठी देण्यात आला. उपपत्तीचा पुरस्कार करणारे सिर्किन व द्यात्किना हे सोव्हिएट रसायनशास्त्रज्ञ टीकेचे लक्ष्य झाले. वस्तुतः प्रत्येक रेणूस एकच संरचना असते, हे अनुस्पंदनाच्या पुरस्कर्त्यांनाही मान्यच होते. त्याच वर्षी पॉलिंग, रॉबर्ट कोरी व हर्मन ब्रॅन्सन यांनी प्रथिनांतील आल्फा मळसूत्राची संरचना सुचविली. पेप्टाइड गटातील कार्बन-नायट्रोजन बंधास अनुस्पंदनामुळे अंशतः द्विबंधाचे स्वरूप येते व तो गट सपाट राहतो, हा तिचा एक आधार होता.

आता अचूक गणितासाठी रेणवीय कक्षकांची पद्धत अधिक वापरली जाते. तथापि विक्रियेचा कल झटपट ताडण्यासाठी अनुस्पंदनाची सूत्रे आजही लिहिली जातात. ती रेणूची छायाचित्रे नसून विचाराची साधने आहेत.