थोडी हवा सोडा

विवळवेढ्याला महालक्ष्मीची चैत्री यात्रा भरली, की अब्बा डहाणूहून सायकलवर काचेच्या बांगड्या विकायला न्यायचे. निघताना अंगठ्याने चाक दाबून थोडी हवा सोडत. ‘दगडाचा मार चाकाने खावा, काचेने नाही,’ म्हणत.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांचं, १८४५चं. लोक ते विसरले. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी (हे गुरांचे डॉक्टर!) मुलाच्या तीनचाकीपायी तेच पुन्हा शोधलं. पुढे लहान चाकांच्या सायकली आल्या. चाक जितकं लहान, तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं. म्हणून ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये आपल्या सायकलला रबराच्या स्प्रिंगा बसवल्या. मिनी मोटारीचं रबरही त्यांचंच.

मुलाच्या घडीच्या सायकलीला असलं काही नाही. गेल्या चैत्रात ती घेऊन निघालो. चारोटीच्या अलीकडेच कंबर बोलू लागली. उतरलो, अंगठ्याने चाक दाबलं, हवा सोडली. काय सुख! पण जरा जास्तच सोडली असावी. पुढच्याच खड्ड्यात रिम आणि दगडात सापडून ट्यूब फाटली. सायकलीची घडी घातली आणि रिक्षाला हात केला.