बाबासाहेब गेल्यानंतर आमच्या घरातील धम्म

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी. लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु स्मरणिकेसाठी घरची जुनी हकीकत लिहून द्या, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, म्हणून सासूबाईंपाशी बसून हे चार शब्द लिहिले आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपूर येथे पूज्य बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील त्या सोहळ्याहून परत आले आणि त्यांनी देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले. पुढे दोन महिनेही झाले नाहीत, तोच ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथे जमलेल्या लोकांना दीक्षा दिली.

गावात मात्र लोक बोलू लागले, "देव सोडले, म्हणून तुमचे साहेब गेले." सासूबाईंच्या आईच्या मनात भीती बसली. तिने एक चांदीचा टाक ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. धाकटा मुलगा तापाने फणफणला, त्या रात्री तिने तो काढून हळद वाहिली. वडिलांनी पाहिले, पण ते रागावले नाहीत. पहाटे बैलगाडी जुंपून मुलाला सरकारी दवाखान्यात नेले. मूल बरे झाले. टाक मात्र आणखी दोन वर्षे कणगीतच होता. अखेर तिने आपण होऊन तो सोनाराला विकला व त्या पैशांतून मुलांची वह्यापुस्तके आणली.

त्या काळी मोठी अडचण होती ती संस्कारांची. लग्न कसे लावावे, बारसे कसे करावे, हे सांगायला गावोगाव भिक्षू कोठले? बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे काम पुढे भैयासाहेब आंबेडकरांनी चालवले. आपल्यातीलच शिकलेली माणसे बौद्धाचार्य होऊन विधी करू लागली. पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील आणि दोन हार, एवढ्यात लग्न होऊ लागले. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला. आता वर्षावासात विहारात त्याचे वाचन होते, आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अवघे अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ च्या शिरगणतीत ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. हे सोपे नव्हते. धर्म बदलल्याने अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० साली राज्यापुरत्या त्या दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालापर्यंत थांबावे लागले.

माझी मुलगी विचारते, "पणजीने टाक लपवला, मग ती खरी बौद्ध होती का?" सासूबाई म्हणतात, "बाई, आईने भीती सोडायला दोन वर्षे घेतली, पण सोडली ना!" मलाही तसेच वाटते. भगिनींनो, तुमच्या घरीही अशा म्हाताऱ्या असतील. त्यांना विचारून घ्या व लिहून ठेवा. काही चुकले असल्यास क्षमा असावी.