ओझ्याची वाटणी

सायकलीवरून दूरच्या प्रवासास निघूं पाहणारे कित्येक तरुण सामानाच्या तयार पिशव्यांची किंमत ऐकूनच बेत सोडून देतात. त्यांनीं सातारा-सांगलीच्या मुलखाचा जुना प्रवास थोडा न्याहाळावा, असें आम्हांस वाटतें.

फलटण-माणपासून आटपाडी-जतपर्यंतच्या अवर्षणी प्रदेशांत धनगर मेंढरांमागें फिरत आले आहेत. फलटणकडील कित्येक कळप पावसाळा सरल्यावर कोंकणांत उतरतात. भांडीं, धान्य, अंथरूण असा सारा संसार घोड्याच्या पाठीवर दोहों बाजूंस सारखा तोलून बांधलेला असतो. घोंगडी तर रात्रीं पांघरूण, पावसांत खोळ आणि वाटेंत गांठोडें. वाटसरूच्या खांद्यावरील पडशीही अशीच पुढेंमागें तोललेली असे.

याच्या उलट उदाहरण पानिपताचें. सातारच्या छत्रपतींच्या नांवानें लढणारी ती फौज १७६१ सालीं बुणगे, यात्रेकरू व त्यांच्या बारदानानें जखडली गेली होती. मराठ्यांची जुनी चपळाई तेथें उरली नाहीं.

सायकलीसही हाच न्याय लागू आहे. जुन्या सतरंजीची दुतोंडी पडशी शिवून ती मागील कॅरिअरच्या दोहों बाजूंस सोडावी. जड वस्तु तळाशीं ठेवाव्या. कापड आऱ्यांत अडकूं नये म्हणून आंतून कामट्या घालाव्या. वळकटी हँडलास घट्ट बांधावी. एवढ्यानें घाट सोपा होणार नाहीं. परंतु रिकाम्या खिशाच्या मुलासही तो चढण्याची संधि मिळेल, आणि आमच्या मतें तेंच महत्त्वाचें आहे.