डेटनच्या खटल्यातले विसरलेले धर्मपंडित

१९६० साली आलेल्या 'इनहेरिट द विंड' या चित्रपटात ब्रेडी नावाचा वयोवृद्ध राजकारणी साक्षीदाराच्या खुर्चीत बसून छातीठोकपणे सांगतो, की देवाने जग निर्माण केले ते ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरला, सकाळी ९ वाजता. न्यायालयात हशा पिकतो आणि बायबल विरुद्ध विज्ञान हा सामना तिथेच निकालात निघतो. १९२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील डेटन गावी उत्क्रांती शिकवल्यावरून चाललेल्या खटल्याची जगाला जी आठवण आहे, ती बरीचशी या प्रसंगावर उभी आहे. ब्रेडी हे पात्र ज्यांच्यावरून घेतले ते विल्यम जेनिंग्ज ब्रायन साक्षीत काय म्हणाले, याची लघुलेखकांनी टिपलेली नोंद मात्र उपलब्ध आहे, आणि ती चित्रपटाच्या उलट आहे.

साधने तशी भरपूर आहेत. त्यांची प्रतवारी लावणे महत्त्वाचे. पहिला मान त्या शब्दशः नोंदीचा. ती त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली गेली. मग कायद्याचा मजकूर आणि १९२७ चा अपिलाचा निकाल. आरोपी शिक्षक जॉन स्कोप्स यांचे आत्मचरित्र १९६७ चे, म्हणजे चार दशकांनंतरचे. ते जपूनच वापरायला हवे. आणि ज्यांच्या वार्तापत्रांनी या खटल्याला रंग चढवला ते बाल्टिमोरचे पत्रकार एच. एल. मेंकेन ब्रायन यांच्या साक्षीच्या आधीच डेटन सोडून गेले होते. अग्रक्रम कोणाला द्यायचा, हे यावरून ठरते.

कायदा जॉन बटलर या शेतकरी आमदाराने मांडलेला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत, बायबलमधली मानवाच्या दैवी निर्मितीची कथा नाकारणारा सिद्धान्त शिकवणे 'आणि' त्याऐवजी माणूस खालच्या प्राण्यांपासून उपजला असे शिकवणे, हा गुन्हा. दंड १०० ते ५०० डॉलर. कायद्याला आव्हान देणाऱ्याला मदत करू, अशी घोषणा अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने केली. ती वाचून डेटनच्या काही प्रतिष्ठितांनी औषधाच्या दुकानात बैठक भरवली आणि २४ वर्षांच्या स्कोप्सना राजी केले. गावाचे नाव होईल, हा हिशेब त्यात उघडच होता. चित्रपटातला शिक्षक तुरुंगात दिसतो. खरे स्कोप्स एक दिवसही कोठडीत नव्हते. उत्क्रांतीचा धडा आपण वर्गात घेतला की नाही, हे त्यांना स्वतःलाही नक्की आठवत नव्हते.

कायद्यातल्या त्या 'आणि'वर बचाव पक्षाने आपली मांडणी उभारली. गुन्ह्याचे दोन भाग आहेत, तर दोन्ही सिद्ध करा. माणूस प्राण्यांपासून उपजला असे शिकवले, हे मान्य. पण त्याने बायबलची कथा नाकारली गेली का? ते ठरवायचे तर बायबल नेमके काय सांगते, हे आधी ठरवावे लागेल. म्हणून वकिलांनी शास्त्रज्ञांबरोबर धर्मपंडितही उभे केले: शिकागो विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयाचे अधिष्ठाता शेलर मॅथ्यूज, सॅन फ्रान्सिस्कोचे रब्बी हर्मन रोझेनवासर, टेनेसीतलेच दोन ख्रिस्ती धर्मगुरू. म्हणजे आरोपीच्या बाजूने बोलायला आलेल्यांत श्रद्धावान माणसे होती, आणि उत्पत्तीच्या पुस्तकाचे जाणकारही. साक्ष द्यायला मिळालेले एकमेव शास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ मेनार्ड मेटकाफ, हेही चर्चला जाणारे गृहस्थ.

न्यायमूर्ती रॉल्स्टन यांनी १७ जुलैला तज्ज्ञांच्या साक्षी अमान्य केल्या. अपिलात उपयोगी पडावीत म्हणून त्यांची लेखी निवेदने तेवढी दफ्तरी घेतली गेली. ज्युरीने त्यांतला एक शब्दही ऐकला नाही, आणि पुढे नाटक-सिनेमालाही त्यांची गरज भासली नाही. माझ्या मते या खटल्यातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ही निवेदनेच.

तज्ज्ञांचा मार्ग बंद झाला म्हणूनच बचाव पक्षाने सोमवारी, २० जुलैला, फिर्यादी पक्षाच्या ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. न्यायालय तोवर बाहेर हिरवळीवर हलवले होते. ज्युरी हजर नव्हती. बचाव पक्षाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी योनाचा मासा, यहोशवाने थांबवलेला सूर्य, जलप्रलयाची तारीख, काइनाची बायको असे एकेक काढले. ब्रायन कधी चिडले, कधी अडखळले; काही प्रश्नांचा आपण विचारच केलेला नाही, असेही म्हणाले. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्यांनी मान्य केले. आणि सृष्टी सहा दिवसांत झाली का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते, की ते दिवस चोवीस तासांचे नव्हेत. ते कालखंड असावेत, निर्मिती कोट्यवधी वर्षेही चालली असेल. गंमत अशी, की आपल्याला मान्य असलेला भूशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव घेतले जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांचे, आणि प्राइस तर सहा दिवस शब्दशः मानणारे!

मग ती सकाळी ९ ची वेळ आली कुठून? आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये धरला, तो २३ ऑक्टोबरच्या आदल्या सांजेला. सकाळची वेळ त्यांची नाहीच. ती जॉन लाइटफूट या दुसऱ्या विद्वानाच्या गणितातून नंतर त्यांना चिकटली. अशर यांची सनावळी इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाई. ती अचूक आहे असे आपण म्हणणार नाही, असे ब्रायन यांनी डेटनमध्ये सांगितले होते. १९५५ च्या मूळ नाटकाच्या लेखकांना, लॉरेन्स आणि ली यांना, यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. हा इतिहास नव्हे, असे त्यांनी प्रास्ताविकातच लिहिले आहे. त्यांचा रोख सिनेटर मॅकार्थी यांच्या काळातल्या विचारबंदीवर होता. चूक नाटकाला दफ्तर समजणाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी ब्रायन यांची साक्ष नोंदीतून वगळण्याचा आदेश झाला, ज्युरीने काही मिनिटांत स्कोप्सना दोषी ठरवले आणि न्यायमूर्तींनी १०० डॉलर दंड केला. पाच दिवसांनी, २६ जुलैला, ब्रायन डेटनमध्येच वारले.

टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९२७ मध्ये कायदा वैध ठरवला, पण शिक्षा रद्द केली. कारण तांत्रिक होते: ५० डॉलरवरचा दंड ज्युरीने ठरवायचा असतो, न्यायमूर्तींनी नव्हे. त्या निकालात न्यायमूर्ती चॅम्ब्लिस यांनी स्वतंत्र मत नोंदवले, की हा कायदा देवाचा हात नाकारणाऱ्या उत्क्रांतिवादालाच मनाई करतो. देवाने उत्क्रांतीच्या वाटेने निर्मिती केली असे मानणाऱ्याला नाही. उत्क्रांती आणि देवाची निर्मिती यांत विरोध नाही, हा धर्मपंडितांच्या निवेदनांतला मुद्दा एवढ्यापुरता तरी न्यायासनापर्यंत पोहोचला. इतर न्यायमूर्तींनी तो उचलला नाही, आणि बटलर कायदा १९६७ पर्यंत टेनेसीच्या कायदेपुस्तकात तसाच राहिला.