१५ मे १८६२ : फूल पाहून वर्तवलेला पतंग

चार्ल्स डार्विन यांचे ऑर्किडच्या परागीभवनावरील पुस्तक १५ मे १८६२ रोजी प्रसिद्ध झाले. मादागास्कर बेटावरच्या एका फुलाविषयीचे धाडसी भाकीत त्यात होते.

त्या वर्षी जानेवारीत ऑर्किडचे जाणकार जेम्स बेटमन यांनी डार्विन यांच्याकडे ही चांदणीच्या आकाराची पांढरी फुले पाठवली होती. फुलामागे लोंबणारी हिरवी नळी साडेअकरा इंच लांब. मध मात्र तिच्या तळाच्या दीड इंचातच. तिथवर पोहोचेल एवढ्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे, असे डार्विन यांनी लिहिले. काही कीटकतज्ज्ञांनी खिल्ली उडवली. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मात्र १८६७ मध्ये डार्विन यांची पाठराखण केली.

डार्विन १८८२ मध्ये वारले. तसा पतंग सापडल्याची शास्त्रीय नोंद झाली १९०३ मध्ये, आणि तो याच फुलातला मध पिताना दिसायला १९९२ उजाडले. २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला.

मादागास्करची जंगले आज झपाट्याने तुटत आहेत. ती राखली, तरच फूल आणि पतंगाची ही जोडी टिकेल.