समुद्रपुष्पांचे घरगुती संगोपन
समुद्रपुष्पांचे घरगुती संगोपन : समुद्रपुष्प हा सीलेंटेरेटा संघातील प्राणी असून मुखाभोवतीच्या रंगीत संस्पर्शकांमुळे तो फुलासारखा दिसतो. काचपात्रात समुद्राचे पाणी भरून तो घरी जिवंत ठेवण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रूढ झाला. ह्या प्राण्यात वार्धक्याची स्पष्ट लक्षणे आढळत नाहीत. त्यामुळे तो पात्रात मेला, तर दोष बहुधा वयाचा नसून पाण्याचा, अन्नाचा वा प्रकाशाचा असतो. ह्यांपैकी पाण्याची गरज लवकर उमगली. प्रकाशाची उमगण्यास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

ह्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध समुद्रपुष्प म्हणजे एडिंबरोतील ‘ग्रॅनी’ (आजीबाई) हे होय. स्कॉटिश निसर्गवैज्ञानिक सर जॉन ग्रेअम डॅलिएल ह्यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या खडकाळ किनाऱ्यावरून ते आणले. ते ॲक्टिनिया इक्विना ह्या सामान्य तांबूस जातीचे होते व त्या वेळी त्याचे वय सु. सात वर्षे असावे, असा डॅलिएल ह्यांचा अंदाज होता. एका लहानशा काचेच्या बरणीत ते ठेवलेले असे. नोकराकरवी समुद्राचे ताजे पाणी आणवून ते वारंवार बदलीत आणि अधूनमधून शिंपल्यातील मांसाचा तुकडा त्यास भरवीत. ह्यापलीकडे कोणतीही सामग्री नव्हती. डॅलिएल ह्यांच्या हयातीतच त्याला तीनशेहून अधिक पिले झाली. १८५१ मध्ये ते निवर्तले. पण आजीबाई जगली. पुढे जॉन फ्लेमिंग, जेम्स मॅकबेन व अखेर एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानातील अधिकारी असा तिचा सांभाळ एका हातातून दुसऱ्या हाती गेला. १८५७ मध्ये एका रात्रीत तिने दोनशेहून अधिक पिलांना जन्म दिला. तिला पाहावयास येणाऱ्यांच्या स्वाक्षऱ्यांसाठी स्वतंत्र वही ठेवलेली होती. ऑगस्ट १८८७ मध्ये ती मेली, तेव्हा द स्कॉट्समन ह्या वृत्तपत्राने तिचा मृत्युलेख छापला. एका बरणीत ५९ वर्षे टिकलेल्या ह्या प्राण्याने आपले बहुतेक सर्व पालक मागे टाकले होते.

समुद्राजवळ राहणाऱ्यास पाणी बदलणे शक्य होते. लंडनसारख्या शहरात ते अवघड होते. ॲना थिन ह्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून समुद्रपुष्पांचे आप्त असलेले काही प्रवाळप्राणी लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून दासीकडून ते खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दररोज बराच वेळ ओतवून घेतले जाई. पुढील वर्षी त्यांनी पाण्यात सागरी वनस्पती सोडून हे कष्ट कमी केले. वनस्पती व प्राणी ह्यांचा पात्रात समतोल साधतो, हे तत्त्व रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यातील प्रयोगांवरून मांडले व लवकरच ते खाऱ्या पाण्यालाही लावले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात सार्वजनिक जलजीवालय उघडले. फिलिप हेन्री गॉस ह्यांच्या द ॲक्वेरियम (१८५४) ह्या ग्रंथाने ही आवड मध्यमवर्गीय दिवाणखान्यात नेली. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेने किनाराही जवळ आला होता. परिणामी हौशी संग्राहकांच्या झुंडी डेव्हनच्या खडकांवर लोटल्या व कित्येक जागा उजाड झाल्या. गॉस ह्यांचे पुत्र एडमंड ह्यांनी फादर अँड सन (१९०७) ह्या आत्मचरित्रात ह्या नासधुशीबद्दल खेद व्यक्त केला आहे. वडिलांच्या ग्रंथांनीच तिला चालना दिली, हे त्यांनी लपविलेले नाही.

आजीबाईचे यश उष्ण कटिबंधातील मोठ्या समुद्रपुष्पांच्या बाबतीत मात्र उपयोगी पडले नाही. कथबर्ट कॉलिंगवुड ह्यांनी चीन समुद्रातील प्रचंड समुद्रपुष्पे व त्यांत राहणारे मासे ह्यांची नोंद १८६८ मध्ये केली. विदूषक माशांना (ॲम्फिप्रियॉन) आश्रय देणाऱ्या अशा सु. दहा जाती परंपरेने मानल्या जातात. त्यांपैकी स्टायकोडॅक्टिला मर्टेन्साय हिचे मुखबिंब एक मीटरहून अधिक रुंद होऊ शकते. ह्या जातींच्या ऊतकांत एककोशिक सहजीवी शैवले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानास देतात. कार्ल ब्रांट ह्यांनी १८८१ मध्ये ह्या शैवलांना झूझँथेला हे नाव दिले होते. परंतु प्रयोगशाळेतील हे ज्ञान घरगुती पात्रापर्यंत पोहोचण्यास फार अवधी लागला. ॲक्टिनिया इक्विनामध्ये अशी शैवले नसतात, म्हणूनच ती मांसाच्या तुकड्यावर जगू शकली. मोठी समुद्रपुष्पे मात्र अंधूक दिव्याखाली शैवले गमावून पांढरी पडत, आक्रसत आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत मरत. पांढऱ्या पडलेल्या प्राण्यांना कृत्रिम रंग देऊन ते विकण्याचा निंद्य प्रकारही व्यापारात चालत आला आहे.

जाकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनी १९६१ मध्ये वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. सजीवांनी व्यापलेले प्रवाळखडक, भरपूर सूर्यप्रकाश व हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर त्यांचे पात्र चाले. पुढे जर्मनीत तीव्र प्रकाशाचे धातू-हॅलाइड दिवे आणि फेसाबरोबर सेंद्रिय मळ काढून टाकणारी उपकरणे वापरात आली. त्यामुळे समशीतोष्ण देशांतही प्रवाळपात्रे राखता येऊ लागली. तरीही मोठे समुद्रपुष्प हा नवशिक्याने पाळावयाचा प्राणी नव्हे. पाण्याचे तापमान सु. २४° ते २७° से., लवणता स्थिर आणि पात्र अनेक महिने जुने असावे लागते. जागा न मानवल्यास प्राणी पदबिंबाने सरकत जातो व पंपात अडकून चिरडला जातो. मेलेल्या मोठ्या प्राण्याच्या कुजण्याने पाणी दूषित होऊन पात्रातील इतर जीवही दगावतात.

डेव्हनमधील प्रकार उष्ण समुद्रांतही घडला आहे. फिलिपीन्समधील सेबू परिसरात संग्रहण होणाऱ्या प्रवाळभित्तींवर समुद्रपुष्पे व विदूषक मासे दोहोंची संख्या संरक्षित जागांपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. विदूषक माशांची पैदास आता पात्रातच होते. समुद्रपुष्पांपैकी एंटॅक्मीया क्वाड्रिकलर ही जाती द्विभाजनाने वाढते व तिची पिढ्यान्‌पिढ्या पात्रांतच देवघेव चालते. स्टायकोडॅक्टिला जायगँटियासारख्या जाती सहसा अशा विभागत नाहीत. त्यामुळे विक्रीस येणारे त्यांचे नमुने बहुतांशी समुद्रातून उचललेलेच असतात.